डावीकडे जाणारं चाक

फार फार पूर्वीची गोष्ट. डोंगरमाथ्यावरच्या एका गावात सुताराची लेक आपल्या नव्या दुचाकीवर बसली, तिने मूठ अगदी सरळ धरली, आणि पुढचं चाक बोटभर डावीकडे गेलं.

बोटभरच. पण खाली उतरणाऱ्या घाटाच्या डावीकडे दरी होती.

दुचाकी तिने स्वतः घडवली होती. बैल नाही, घोडा नाही; उतारावरून ती आपली आपण धावायची. बैठकीखाली लवचीक बांबूच्या पट्ट्या होत्या. मूठ मागे, चाक पुढे, म्हणून दोघांना जोडणारी एक तिरपी लोखंडी दांडी तिने आखली होती. ती बैठकीखालून जायची, बसलेल्याला दिसत नसे.

खाली पायथ्याला तिची बहीण राहायची. तिचे दिवस भरत आले होते, आणि सुईण होती माथ्यावर. डोलीने उतरायला अर्धा दिवस लागे, दुचाकीला एक घटका पुरली असती.

लेक उतरली, वाकून पाहिलं. चाक सरळ! पुन्हा बसली. पुन्हा डावीकडे.

तिने मनाशी ठरवूनच टाकलं: कोणीतरी दांडीला हात लावतंय.

कोण? डोलीवाला भोई परवाच हसला होता, "पोरी, दरीत गेलीस तर आणायला आमचीच डोली लागेल हो!" आणि दांडी घडवणारा लोहार? तो म्हणाला होता, "तू बस, मी समोरून बघतो." बघतो म्हणे! याला एवढी कसली काळजी?

तिने दोघांनाही अंगणात यायला मनाई केली. दांडीची लांबी ठरवणाऱ्या खिळीला स्वतःचा केस बांधला. दुचाकीभोवती राख पसरली. पान हललं तरी ती दचकून बाहेर यायची.

चार दिवस गेले. केस तसाच. राखेत पावलं होती, पण ती तिचीच. "किती सावध आहे मेला!" ती पुटपुटली. चाक मात्र डावीकडेच.

पाचव्या दिवशी खालून निरोप आला. कळा सुरू झाल्या होत्या. सुईण बोचकं घेऊन दारात उभी राहिली. "निघायचं ना गं? मी बसू कुठे?"

लेकीने राखेकडे पाहिलं. इथे दुसरं कोणी आलंच नव्हतं. मग चाक वळवत कोण होतं?

ती बैठकीवर बसली आणि लोहाराच्या घराकडे तोंड करून ओरडली, "काका! मी बसलेय, तुम्ही बघा!"

घणाचे घाव चालूच राहिले.

"काका, चुकलं माझं! या हो!"

घण थांबला. राख तुडवत लोहार आला आणि चाकासमोर उकिडवा बसला.

"उतरू नकोस. तुझ्या वजनाने पट्ट्या दबतात, तिरपी दांडी आडवी होते अन् चाकाला डावीकडे ढकलते. रिकाम्या गाडीवर मापलीस होय गं? आता बाईंनाही मागे बसव. दोघी बसा, मग मापू. खीळ सरकवायला कितीसा वेळ लागतो!"

आपल्याच भाराने होणारी चूक दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसते, म्हणून त्या डोळ्यांवर संशय घेण्याआधी त्यांना जवळ बोलवावं.