दक्षिणेच्या भिंतीतलं जातं

"इथे दार होतं की नव्हतं, गुरुजी? एवढंच सांगा."

अनुपमनं नकाशा गुरुजींच्या मांडीवर पसरला. पिवळा पडलेला कागद. चर्च बांधलं तेव्हाचा.

गुरुजींनी चष्मासुद्धा लावला नाही.

"होतं," ते म्हणाले.

"मी म्हटलंच होतं!" अनुपमनं स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

आमच्या चिंचटाकळीतला हा पहिला इंजिनियर, अनुपम भांबळ. संत बर्णबा चर्चला सव्वाशे वर्षं होणार, म्हणून कमिटीनं दुरुस्ती त्याच्याकडे दिली. चर्चचा इतिहास लिहायचं कामही त्याच्याकडेच. शांतवन गुरुजी माझे आजेसासरे. मिशन शाळेत त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं. अनुपमलाही त्यांनीच शिकवलेलं.

आम्ही चर्चच्या दक्षिण अंगाला, पायरीवर बसलो होतो. माझी लेक माझ्या मांडीवर. रविवारी तिचा बाप्तिस्मा होता, ह्याच चर्चमध्ये. आणि अनुपम उद्या भिंत फोडणार होता. धुळीत एवढ्याशा जिवाला न्यायचं कसं, ह्या घोरानं मला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

"इतिहास सगळा पाठ आहे माझा," अनुपम म्हणाला. "मोठ्या दुष्काळात मिशनच्या गोऱ्या साहेबानं पाया घातला. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. आधी नुसती कुडाची शाळा होती, तिथंच प्रार्थना व्हायची. मग हे घडीव काळ्या दगडाचं चर्च. नऊ वर्षांनी घंटेचा मनोरा. विचारा काहीही."

"तेराचा पाढा म्हण."

"गुरुजी, चेष्टा नको."

"तेव्हाही येत नव्हता."

अनुपम उठून भिंतीपाशी गेला.

"हे बघा. एवढी सुंदर भिंत आणि मधेच हे ठिगळ. वाकडेतिकडे दगड. चुना नुसता फासलाय. आणि हे काय, तर जातं! देवळाच्या भिंतीत जातं! बिशपसाहेब येतील, बाहेरगावचे लोक येतील, हसतील आपल्याला. उद्या मजूर बोलावलेत. हे सगळं काढून टाकतो. साहेबाचं दार होतं तसं मोकळं करतो."

"कुणी बांधलं असेल रे ते?"

"कुणीतरी अडाण्यानं."

"एकानं नाही," गुरुजी म्हणाले. "चाळीस अडाणी होते."

अनुपम वळला.

"साहेबानं हे दार कशाला ठेवलं होतं, ते लिहिलंय का तुझ्या कागदात?"

"हवेसाठी. वारा दक्षिणेकडून येतो."

"बरोबर. त्यानं हवेसाठी ठेवलं. मग आपण काय केलं? महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले मोठ्या दारानं जाऊ लागले. मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेले ह्या दारानं. तिकडचे पुढे बसायचे, इकडचे मागे. प्रभुभोजनाचा प्याला आधी तिकडं, मग इकडं. कुणी सांगितलं नव्हतं. साहेब ओरडून थकला."

अनुपमचं घराणं मोठ्या दाराचं. आमचं ह्या धाकट्या दाराचं.

"हे कुठं लिहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

"कोण लिहील?"

...

"एस्तेरबाई म्हणून एक होती मोठ्या दाराची," गुरुजी म्हणाले. "बाळंत झाली आणि तापानं पडली. अंगावरचं दूध आटलं. पोर रडून रडून निळं पडायला लागलं. त्यांच्या वाड्यात दुसरी कुणी ओली बाळंतीण नव्हती. आमच्या वाड्यात होती. माझी आई, सगुणाबाई. मी दीड महिन्याचा होतो."

"मग?"

"मग काय. आईनं एका अंगाला मला घेतलं, एका अंगाला त्याला. चार महिने."

लेक माझ्या पदराशी चाळवली. मी तिला घट्ट धरलं.

"पोर वाचलं. बाप्तिस्म्याचा दिवस आला. एस्तेरबाई हट्टानं म्हणाली, लेकराची धर्ममाता सगुणाच. पोर माझ्या आईच्या कडेवर. दोघी बरोबर निघाल्या. इथपर्यंत आल्या... आणि एस्तेरबाई मोठ्या दाराकडे वळली, आई ह्या दाराकडे. सवयीनं. पाय आपोआप वळले. पोर इकडं, त्याची आई तिकडं. पोरानं आईला जाताना पाहिलं आणि जो टाहो फोडला..."

गुरुजींनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"आत सगळी मंडळी ऐकत होती. पाळक हात धुवून उभे. पोर काही गप्प होईना."

"मग कुठल्या दारानं नेलं?"

"त्या दिवशी नेलंच नाही. एस्तेरबाई परत फिरली, इथं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, हे दार बुजल्याशिवाय माझ्या लेकराच्या डोक्यावर पाणी पडणार नाही."

"पंचांनी ऐकलं?"

"पंच म्हणाले, गवंडी बोलावतो. बायका म्हणाल्या, गवंडी नको. त्यानं बुजवलं तर काम त्याचं होईल, आपलं नाही. दोन्ही वाड्यांतल्या घराघरातून एकेक दगड आला. कुणी चुलीचा आणला, कुणी उंबऱ्याचा. एस्तेरबाईनं तिच्या जात्याचा खालचा दगड आणला. माझ्या आईनं आमच्या जात्याचा वरचा. एकावर एक ठेवले. तू म्हणतोस ते हे जातं."

अनुपम भिंतीकडे बघत राहिला.

"पण गुरुजी, जातं दिलं तर घरी दळायचं कशावर?"

गुरुजी पहिल्यांदा मोकळे हसले.

"तिच्याकडे वरचा दगड उरला, आमच्याकडे खालचा. दोन्ही एकत्र मांडले आमच्या ओसरीवर. दोघी समोरासमोर बसून दळायला लागल्या. दगड काही एकमेकांना बसेनात. सहा महिने दोन्ही घरांनी भरड पीठ खाल्लं. भाकरी दाताखाली कचकचायची. माझा बाप रोज शिव्या द्यायचा."

"मग?"

"मग झिजले. बसले."

...

"ते पोर कोण होतं, गुरुजी?"

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले.

"तुझा आजा. माझा दूधभाऊ."

अनुपम जात्यापाशी गेला. दोन दगडांच्या मधल्या फटीवरून त्यानं बोट फिरवलं. चुन्याचे चार खडे खाली पडले. ते त्यानं उचलले आणि इंजिनियर असून वेड्यासारखे परत फटीत बसवायला लागला.

बसत नव्हते.

मग त्यानं फोन काढला. "राजूभाऊ, उद्या माणसं पाठवू नका... नाही, काम रद्द... नाही हो, परवापण नको."

माझ्या जिवावरचा धोंडा उतरला. पण आईचं मन, ते कुठं गप्प बसतंय? त्या पडलेल्या खड्यांकडे बघून मी विचारलंच, "अनुपमभाऊ, भिंत पक्की आहे ना पण? रविवारी आतमध्ये लेकरू असेल माझं."

"रविवारी काही होत नाही, वहिनी. घाबरू नका." त्यानं भिंतीवर हात ठेवून अंदाज घेतला. "पण खोटं कशाला सांगू. बांधकाम कच्चंच आहे. दगड एकमेकांत गुंतवलेलेच नाहीत. दहा वर्षांत म्हणा, पंधरा वर्षांत म्हणा, हे पडणार. मग काय करायचं, गुरुजी?"

गुरुजींनी नकाशाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"परत बांधा. गवंडी तेवढा बोलवू नका."