रिकाम्या पेल्याचा वास

एकदा एक तरुणी मेक्सिको देशातल्या डोंगराळ गावी एका वृद्धेकडे विद्या शिकायला गेली. विद्या होती टकिलाची पारख. आपल्या बांधावर घायपाताची झुडपे असतात ना, त्यांच्याच निळसर भाऊबंदाचा गड्डा भाजून, आंबवून, गाळून हे कडक मद्य काढतात. कुणाला नाक मुरडायचे असेल त्याने खुशाल मुरडावे. पारख सोन्याची असो की मद्याची, तिला तपश्चर्या लागतेच.

गावाची रीत अशी, की पारख्याच्या होकारावाचून गावाचा शिक्का बाटलीवर चढत नसे. वृद्धेचे नाक आता थकले होते आणि तिची जागा शिष्येला हवी होती. पण दोन वर्षांत वृद्धेने तिला काय शिकवले म्हणाल, तर रोज सकाळी आदल्या दिवशीचे उष्टे पेले पुढ्यात सरकवले. "आधी हुंग, मग घास."

"आजी, मी पारखी व्हायला आले की मोलकरीण?"

"नाक जागेवर आहे ना? मग घास!"

एके दिवशी शहरातला मोठा व्यापारी मधासारख्या सोनेरी टकिलाची पिंपे घेऊन आला. त्याला शिक्का हवा होता. चौकात गाव जमला. वृद्धेने शिष्येला पुढे ढकलले. "आज ही सांगेल. चुकली, तर उद्यापासून माझे दार हिला बंद."

"ही? ही तर पेले विसळते!" व्यापारी खो खो हसला. त्याने एका पेल्यात आपला माल ओतला, दुसऱ्यात गावच्या भट्टीतला. शेजारी मीठ नि लिंबाची फोड ठेवली. "मीठ चाट, घोट घे, लिंबू चोख. शहाणी माणसे अशीच पितात, बाई."

शिष्येने मीठ-लिंबू बाजूला सारले आणि दोन्ही चाखले. गावची जिभेला चावली. सोनेरी मात्र लोण्यासारखी उतरली. तिचे मन डळमळले. हात सोनेरी पेल्याकडे वळलाही. तोच राखेने उष्टे पेले घासून खरबरीत झालेली आपली बोटे तिला दिसली.

तिने दोन्ही पेले मातीत रिते केले.

"वेड लागले का हिला?" व्यापारी ओरडला.

"थांबा जरा, शेठ. वाळू द्या."

उन्हात पेले कोरडे झाले. तिने एकेक हुंगला आणि तिची मान ताठ झाली. "तुमच्या पेल्यात करपलेल्या साखरेचा वास उरलाय. घायपात नावापुरताच, वर रंग चढवलाय. शिक्का मिळणार नाही!"

पेले हातोहात फिरले. जन्मभर गड्डे खणलेल्या एका म्हाताऱ्याने दुसरा पेला नाकाशी धरला. "अरे, हा तर आपला भाजका गड्डा! रताळ्यासारखा, मातीसकट!" चौकात एकच जल्लोष उठला. व्यापाऱ्याने पिंपे गाडीत चढवली; लिंबू तेवढे तिथेच राहिले.

वृद्धेने कमरेचा शिक्का सोडून शिष्येच्या तळहातावर ठेवला. "पोरी, भरल्या पेल्यात रंग असतो, गोडी असते, पाजणाऱ्याची जीभ असते. मीही तरुणपणी तिथेच फसले होते. सगळे ओतून दिल्यावर जे मागे राहते, तेच त्या मालाचे स्वतःचे. म्हणून तुला उष्टे पेले दिले. नुसते घासायला नव्हे, गं."

शिष्या हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगता तिने पेले हुंगले, आणि मगच घासायला घेतले.

माणूस पारखायचा असेल, तर तो उठून गेल्यावर घरात काय दरवळते तेही पाहावे.