तिसऱ्या दिवसाची बाज

एकदा एका बाजा विणणाऱ्या म्हाताऱ्याकडे एका व्यापाऱ्याची सागवानी बाज दुरुस्तीला आली, आणि बाजेबरोबर ढेकूणही आले. म्हाताऱ्याचा नियम ठरलेला होता. जुना काथ्या कापून जाळायचा, उघड्या सांगाड्याच्या प्रत्येक सांध्यात रोज उकळतं पाणी ओतायचं, आणि असे आठ दिवस भरल्याशिवाय नव्या काथ्याचा एक वेढासुद्धा बाजेला लागू द्यायचा नाही. गिऱ्हाईक ओरडो, नाहीतर दारात ठाण मांडून बसो.

त्याच्या हाताखाली गेनू नावाचा शिष्य होता. वयाने तिशीचा, हाताने चांगला, घाईने वाईट. आठवड्याभरापूर्वी एका बाजेचा गंजका खिळा त्याच्या उजव्या तळहातात घुसला होता. हात सुजला, पू धरला, ताप भरला. म्हाताऱ्याने त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखम साफ करून पट्टी बांधली, इंजेक्शन टोचलं आणि अँटिबायोटिकच्या कॅप्सुला लिहून दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. "विणणारा माणूस आहेस, हात सांभाळ," असंही त्या म्हणाल्या. गेनूने मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

बाजेचा तिसरा दिवस होता. ऊन डोक्यावर येत होतं, चुलीवर पाणी उकळत होतं. गेनूने सांध्यांत काडी घालून पाहिली. एकही ढेकूण बाहेर आला नाही.

"बाबा, बाज साफ झाली. आज विणायला घेऊ."

"हात कसा आहे?"

"झकास! तिसऱ्या दिवशीच सूज उतरली. मग कॅप्सुला कशाला खायच्या उगाच, उष्ण पडतात. परवापासून बंद केल्या. आठ उरल्यात." गेनू फुशारकीने पुढे म्हणाला, "वाया नाही घालवल्या हं. आमच्या पोरीला, छबीला, कालपासून सर्दी-ताप आहे. तिच्या आईला सांगून आलोय, दुपारचं जेवण झालं की अर्धी मधातून चाटव म्हणून."

म्हाताऱ्याने फडक्याने पातेलं उतरवलं, अंगणात नेलं आणि उकळतं पाणी सगळं मातीत ओतून दिलं. मग काथ्याचं एक भेंडोळं गेनूच्या पायाशी टाकलं.

"उचल ही बाज. घरी ने, विण, आणि आज छबीला हिच्यावर निजव. व्यापाऱ्याचं मी बघतो."

गेनू गोंधळला. "माझं काही चुकलं का, बाबा?"

"चुकलं कुठे? साफ झाली म्हणालास ना?"

"दिसायला साफ आहे…"

"मग ने की."

गेनू बाजेकडे बघत राहिला. त्याला पोरीचं तापलेलं अंग आठवलं. "नको बाबा. आत असतील. खोल बसलेले असतील, अंडी असतील. लेकराला फोडून काढतील."

"दिसत तर नाहीत एकही."

"दिसत नाहीत म्हणून गेले, असं तुम्ही कधी म्हणू दिलंत का?"

"मग गाढवा, तळहाताला दुसरा न्याय कसा लावलास?" म्हातारा कडाडला. "पहिल्या दोन पाण्यांत मेले ते उघड्यावरचे, कच्चे. उरले ते चिवट. आता हात आखडलास तर पुढची पिलावळ त्या चिवटांची. मग तेच पाणी त्यांना पुरत नाही. जखमेतल्या जंतूंचं असंच असतं. बाईंनी सात दिवस सांगितले ते सूज गेल्यावर आत काय राहतं हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. सोड ती पट्टी."

पट्टी सुटली. जखमेभोवती पुन्हा लाली चढली होती, आणि त्या लालीची एक रेघ मनगटाकडे निघाली होती. गेनूचा चेहरा उतरला. "सकाळी नव्हतं एवढं."

"होतं. तू बघितलं नव्हतंस." म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. "आणि पोरीची सर्दी? तिला हे औषध लागतं, असं कोणी सांगितलं तुला? बहुतेक सर्दीवर ते काही करत नाही. लागलंच तरी तिला तपासून, तिच्या वजनाप्रमाणे. एखाद्याला ते सोसत नाही. अंगावर पुरळ उठतं, घसा सुजतो, श्वास कोंडतो. छबीला सोसतं का, माहीत आहे?"

गेनूने नाही म्हणून मान हलवली.

"तुमच्याकडे जेवणं किती वाजता होतात?" म्हाताऱ्याने विचारलं.

गेनू धावत सुटला. पायातली एक चप्पल वाटेत राहिली ती राहिली. प्रत्येक घरातून भांड्यांचे आवाज येत होते, लोक जेवून हात धूत होते. धापा टाकत तो दारात पोहोचला. बायको पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. समोर मधाची वाटी, आणि कॅप्सूल उघडलेली.

"दि… दिलीस?"

"कशी देऊ? अर्धी दे म्हणालात. ही अर्धी मोडते होय? टोपण निघालं आणि सगळी पूड सांडली. म्हटलं येऊ देत स्वतःच, करू देत अर्धी!"

गेनू उंबऱ्यावरच बसला. छबी शिंकली आणि बापाकडे बघून हसली.

त्याच दुपारी दोघींना घेऊन तो दवाखान्यात गेला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. छबीला साधी सर्दी होती. तिच्या वजनाप्रमाणे तापाचं औषध मिळालं. "श्वास जोरात चालला तर लगेच आणा," एवढंच बाई म्हणाल्या. गेनूला मात्र त्यांनी सोडलं नाही. जखम पुन्हा उघडावी लागली, औषध बदलावं लागलं. "दोन दिवसांनी आला असतास तर ही बोटं पहिल्यासारखी वळली असती का, मला सांगता आलं नसतं. या वेळा पाळायच्या. एखादी चुकली तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. पुरळ आलं, जुलाब लागले तर थेट इथे यायचं. मनाने काही करायचं नाही." उरलेल्या कॅप्सुला त्यांनी काढून घेतल्या.

इकडे म्हाताऱ्याने पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं होतं.

आठव्या दिवशी व्यापारी स्वतः आला. गेनू डाव्या हाताने सांध्यांत पाणी ओतत होता. कुठूनही काही बाहेर येत नव्हतं.

"अरे, काही दिसतंय का तुला त्यात?"

"नाही शेठ."

"मग कशाला ओततोस?"

"आठवा दिवस आहे," गेनू म्हणाला, आणि पुढच्या सांध्याकडे वळला. म्हातारा काथ्या भिजवत होता. त्याने मान वर केली नाही.

तुमच्याही फळीवर उरलेल्या कॅप्सुलांची एखादी डबी असेल. ती आजच डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात नेऊन द्या, आणि मगच ही गोष्ट कळली असं म्हणा.