ओल्या पोटाची येसू

मडक्यांच्या राज्यात पाऊस कमी आणि ऊन फार. राज्यातून एक लांब रस्ता जात असे आणि त्या रस्त्याने येणाऱ्या माणसांची तहान भागवणे हेच मडक्यांचे काम होते. वाटेवर पाणपोईचा मांडव होता. उन्हाळ्यात त्या मांडवात पुढच्या रांगेत उभे राहायला मिळाले की जन्माचे सार्थक झाले, असे तिथे सगळे मानत.

पुढची रांग ठरवायची रीत जुनी होती. उन्हाळा तोंडावर आला की सगळी मडकी पाण्याने भरून वाळूत बसत. सकाळी म्हातारा रांजण, ज्याला सारे आबा म्हणत, एकेकीच्या बुडाखालची वाळू चाचपत जाई. जिची वाळू ओली, ती पुढे. जी पाझरते तिचेच पाणी गार राहते, हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

येसू ही काळ्या मातीची, थोराड पोटाची घागर. तिच्या अंगभर बारीक छिद्रे होती, आणि ती अशी पाझरायची की दुपारपर्यंत तिच्याभोवती चिखल व्हायचा. दरवर्षी ती पुढच्या रांगेत मधोमध उभी असे. तिला त्याचा गर्व होता आणि तो ती लपवीतही नसे.

मग चौकात काच आली. कोणी आणली, कोणी उभी केली, याची चौकशी करायचे कोणाला सुचले नाही. काच चांगली भिंतीएवढी होती. तिच्यासमोर उभे राहिले की आपले रूप तिच्यात उमटे आणि आपण निघून गेलो तरी तिथेच राही. येणारे-जाणारे ते पाहत, आवडले तर त्याच्याखाली एक लाल टिकली चिकटवत. काच जराशी वाकवलेली होती. तिच्यात पोट आत जाई, मान लांब होई, आणि ओल, डाग, छिद्रे यांतले काही म्हणता काही दिसत नसे. आता मडक्याचे पोट आत गेले तर पाणी राहणार कुठे? पण हे विचारायची शुद्ध कोणाला होती! मडकी काचेतले रूप पाहून घरी येत, मग मान खाली घालून स्वतःकडे बघत आणि झुरत.

पोट कमी करणे जमण्यासारखे नव्हते. भाजलेली माती ती. दोघीतिघींनी दगडावर अंग घासून पाहिले, त्यांना तडे गेले. शेवटी कोणीतरी अंगाला लाख फासून काचेपुढे उभी राहिली. छिद्रे बुजलेली, अंग गुळगुळीत आणि चकचकीत! तिच्या रूपाखाली टिकल्यांचा सडा पडला. बघता बघता सारे राज्य लाखेने माखले आणि पाझरणे ही लाजेची गोष्ट झाली. आबांनी वाळू चाचपणे सोडले. ते आता टिकल्या बघून रांग लावू लागले.

येसू काचेपुढे कधी उभीच राहिली नव्हती, त्यामुळे तिच्या वाट्याला एकही टिकली नव्हती. तिची भाची चिमी, नुकतीच भट्टीतून निघालेली नाजूक मडकी, लाखेची वाटी घेऊनच तिच्याकडे आली.

"मावशे, लाव की गं थोडी. ती सुरई काय म्हणते माहितीय? या बाईला सारखा घाम कसला येतो म्हणून विचारते."

"तिला म्हणावं, स्वतःचं बघ," येसू म्हणाली. पण ते तिला लागले होते.

त्या संध्याकाळी ती काचेपाशी गेली. काचेत एक सडपातळ, कोरडी, देखणी घागर उभी होती. खोटे कशाला सांगा, येसूला ती आवडली. हीच आपण असतो तर, असे वाटून तिला भरून आले. परत येऊन तिने चिमीपुढे अंग केले. चिमीने लाखेचे पहिले बोट ओढले आणि तेवढ्या जागेतली ओल थांबली. वारा आला, तो येसूला सगळीकडे जाणवला, तेवढ्याच जागेवर जाणवला नाही.

"पूस ते!" ती कडाडली. "पूस म्हणते ना! या पोटानं किती जणांचे जीव थंड केलेत. ते मी बुजवू? मागं उभी राहीन, पण अशीच उभी राहीन."

"लोकांना आवडतं तेच पुढं ठेवावं लागतं, येसू. तू समजून घे," असे म्हणत आबांनी तिला मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात, केरसुणीशेजारी लावले. ती तिथेही ताठ उभी राहिली. तिला रडू आले, पण ती मुळातच ओली, त्यामुळे कोणाला कळले नाही.

वैशाखातल्या एका दुपारी एक तरुण बाई त्या रस्त्याने आली. तोंडावर पावडरचा जाड थर होता आणि तो बिघडू नये म्हणून ती घामसुद्धा जपून टिपत होती. तिने चिमीतले पाणी तोंडात घेतले आणि थुंकले. चहाला ठेवल्यासारखे ते तापले होते. शेजारच्या सुरईचे तेच, पलीकडच्या मडक्याचेही तेच. बाईला भोवळ आली आणि ती मांडवात खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले. पुढची रांग नुसती चकाकत उभी राहिली.

"मावशे, ये गं लवकर!" चिमी ओरडली.

येसू कोपऱ्यातून निघाली. रांगेला बाजूला सारत, बुडावर सरकत ती पुढे आली आणि तिच्यामागे ओल्या मातीचा पट्टा उमटत गेला. बाई घटाघटा प्याली. पुन्हा प्याली. मग तिने दोन्ही हातांनी येसूला कवटाळले आणि आपला तापलेला गाल तिच्या पोटाला लावला. पावडर विरघळून काळ्या मातीवरून पांढरी ओघळली. तिच्याखालून बाईचा उघडा गाल दिसू लागला. त्यावर कुठे पुटकुळीचा डाग होता, आणि सगळीकडे बारीक, अगदी बारीक छिद्रे होती. प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी घामाचा एकेक थेंब आला होता.

"मावशे," चिमी हळूच म्हणाली, "ही पण पाझरतेय की गं!"

येसू हलली नाही. बाईने डोळे मिटले. गालावरचा थेंब आणि पोटावरचा थेंब एकमेकांत मिसळून, सगळ्या राज्यादेखत, खाली ओघळत राहिले.