किंजळराईचा कौल

माळगुंदच्या देवराईला किंजळराई म्हणतात, पण आत शिरून कितीही शोधलं तरी किंजळाचं एक झाड सापडत नाही. सगळी जांभळाची झाडं. पाहुण्यांना याचं हसू येतं. मग म्हातारे आत्माराम गुरव देवळाच्या पायरीवर बसतात, पान जुळवतात आणि आपल्याच घराण्याची गोष्ट सांगतात. सांगताना ते स्वतः हसत नाहीत.

फार पूर्वी म्हणे या राईत दहातली आठ झाडं किंजळाची होती. पावसाळा सरून फळं धरली की राई लांबून तांबडी दिसे. तेव्हा देवीची पूजा लवू गुरवाकडे होती. एका वर्षी देवळामागचा सगळ्यांत थोरला किंजळ शेंड्याकडून वाळू लागला आणि सालीतून काळं पाणी गळायला लागलं. गावचा मानकरी भिवा गावकर जाणता माणूस. हा रोग मुळांतून शेजारच्या झाडात जाणार, हे त्याने ओळखलं.

"लवू, एक झाड गेला तर गेला, राई वाचाक व्हयी. आईक विचार."

राईतल्या झाडाला लोखंड लावायचं नाही, ही पिढ्यांची रीत. आणि वेळ आलीच तर पहिला घाव गुरवाने घालायचा, हीसुद्धा रीतच. लवू तर त्याच किंजळाखाली रांगला होता. त्याच्या आजाने डोळे मिटले तेही त्याच झाडाकडे बघत.

लवूने कौल लावला: देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर तोडायचं, डावी पडली तर नाही. गाभाऱ्यात अंधार, कळी दिसणार ती एकट्या गुरवाला. असं सांगतात, की उजवी कळी लगेच पडली. बाहेर येऊन लवू म्हणाला, "डावी पडली. आई नको म्हणता."

देवीच्या शब्दापुढे कोण बोलणार? झाड तसंच उभं राहिलं. पुढच्या वर्षी आणखी तीन वाळली, मग ओळीच्या ओळी. सात पावसाळ्यांत किंजळ संपला. उघड्या पडलेल्या जागेत पाखरांनी टाकलेल्या बियांतून जांभूळ वर आला. लवू किंजळाची रोपं लावी, हाताने पाणी घाली. ती गुडघ्याएवढी होत आणि माना टाकत.

शेवटचा किंजळ कोसळला त्या दिवशी लवूने गाव जमवला.

"कळी उजवीच पडली होती," तो म्हणाला. "घाव घालूक माझो हात धजलो नाय."

भिवा गावकर पडलेल्या खोडावर बसून रडला. लवूला कोणी शब्दानेही बोललं नाही. बोलले असते तर बिचारा सुटला असता, असं आत्माराम म्हणतात.

आजही माळगुंदात कौल गुरवच लावतो. पण कळ्या लावून झाल्या की तो बाहेर येतो आणि देवीकडे पाठ करून, जांभळांकडे तोंड करून उभा राहतो. आत गावकरी समई उंच धरतात. कुठली कळी पडली ते गाव बघतं, आणि गाव गुरवाला सांगतं.