महाराजांची उष्टी करवंदं

सह्याद्रीच्या एका उघड्या धारेवर भोरकडा नावाची वाडी आहे. श्रीरानोबा महाराज एका वैशाखात तिथल्या देवीच्या देवळात उतरले होते. त्याच वाडीत सगुणा धनगरीण राहायची. बाई मोठी भाविक, पण त्या दिवसांत पार वैतागलेली! वैतागेल नाही तर काय? काही वर्षांमागं वणव्यात कड्यावरच्या करवंदाच्या जाळ्या जळाल्या होत्या, आणि करवंदं विकूनच तिचं नि लेकीचं पोट भरायचं. वर वाडीचे खोत दौलतराव बजावून गेले होते, "यंदा जाळी उगवली तर धार तुझी. नाहीतर माझी गुरं चरतील तिथं."

तेव्हापासून दरवर्षी ती बी काढायची, उन्हात कडकडीत वाळवायची, राखेत घोळून मडक्यात ठेवायची आणि पाऊस लागला की पेरायची. वालाचं, भोपळ्याचं बी असंच तर ठेवतात! पण एक कोंब वर येईल तर शपथ.

वणव्यातून वाचलेल्या एकुलत्या झुडपाची करवंदं द्रोणात घेऊन ती देवळात आली. देवीला दाखवायची, मग बी वाळत घालायचं, असा बेत. तर महाराजांनी द्रोण ओढला आणि खायलाच बसले!

"अहो महाराज, बियाणं आहे ते!"

"गोड आहेत गं," महाराज म्हणाले, आणि खात खात धारेवर निघाले. बिया थुंकायच्या, पायानं माती लोटायची, पुढं चालायचं. सगुणा कपाळ बडवत मागून.

दौलतराव पोट धरून हसले. "सगुणे, बुवांच्या उष्ट्यावर पोट भर आता!"

आषाढात धारेवर कोंब दिसले. सगुणेला रडूच आलं. पण खोतांनी भुवया उडवल्या. "बोटभर काड्यांना जाळी म्हणतात होय?" असं म्हणून त्यांनी गुरं वर घातलीच.

तेवढ्यात धुकं उतरलं. ढग असा गडगडला की गुरं बुजली आणि थेट कड्याकडे उधळली. बैलाचा कासरा मनगटाला गुंडाळलेला, खोत फरफटत चालले. सगुणा ओरडली, "महाराज, धावा! निदान आपल्या उष्ट्याची तरी लाज राखा!"

धुकं विरलं. पाहते तो काय! कड्याच्या काठावर त्याच काड्यांची छातीइतकी उंच, दाट, काटेरी जाळी उभी. गुरं तिला टेकून धापा टाकत होती आणि खोत काट्यांत अडकले होते. पलीकडे नुसती दरी.

महाराज देवळाकडून शांतपणे चालत आले. सगुणा हात जोडून, पण रागानंच म्हणाली, "बी ओलं असतानाच मातीत घालायचं, एवढं आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू मडकं सोडलं असतंस?" महाराज हसले.

ती कसली सोडते! वाडवडलांपासून चालत आलेलं मडकं ते.

दौलतराव उठायला गेले, तर पागोटं काट्यांत गुंतलेलं. आधी त्यांनी ते ओढून पाहिलं. मग दरीकडे नजर गेली. पागोटं तिथंच सोडून ते उघड्या डोक्यानं आले आणि महाराजांच्या पायांवर पडले.

"माझ्या कशाला?" महाराज म्हणाले. "धार जिची, तिच्यापुढे वाका."

खोतांनी सगुणेपुढे मान लववली. आणि वाडीनं पाहिलं, त्यांचं पागोटं कुणाच्या हातून निघेना; ते त्या जाळीवरच राहिलं.