शेंबीचं एक मत

हौदामागच्या ओल्या दगडावर राहायची शेंबी गोगलगाय. हौद गळायचा टिप टिप, म्हणून शेंबी जगायची.

बगळा म्हणाला, "मला पुढारी करा. मी गळती बंद करीन."

बेडूक म्हणाला, "मला करा. मी गळू देईन."

शेंबीला बेडूकच हवा! पण मत द्यायचं वडाखाली. गोगलगाय नि पोटात पाय, वेळेवर पोचणार काय? म्हणून तिनं आधीच पाकिटात मत घातलं, टपालानं धाडलं. शहाणी गं माझी बाय!

पण हाय रे! टपालवाला भुंगा पाकीट घेऊन परत आला.

"साक्षीदाराचा शिक्का राहिला गं! शिक्का नाही तर मोजणी नाही. दुपारी मोजणी. तोवर मी थांबतो."

लिब लिब, लिब लिब. शेंबी गेली शेजारच्या कासवाकडे.

"कासवदादा, शिक्का दे. शिक्का नाही तर मोजणी नाही!"

"शाई वाळली. जांभूळ आण, मग देतो."

लिब लिब, लिब लिब. शेंबी गेली जांभळाच्या झाडाकडे.

"झाडआजी, जांभूळ दे. जांभूळ नाही तर शिक्का नाही, शिक्का नाही तर मोजणी नाही!"

"फांदीला झोका मिळू दे, मग देते."

लिब लिब, लिब लिब. शेंबी गेली खारीकडे.

"खारूताई, झोका दे. झोका नाही तर जांभूळ नाही, जांभूळ नाही तर शिक्का नाही, शिक्का नाही तर मोजणी नाही!"

"भूक लागलीय. दाणा आण, मग देते."

लिब लिब, लिब लिब. शेंबी गेली मुंगीकडे.

"मुंगीताई, दाणा दे. दाणा नाही तर झोका नाही, झोका नाही तर जांभूळ नाही, जांभूळ नाही तर शिक्का नाही, शिक्का नाही तर मोजणी नाही!"

"भिंतीला चीर पडलीय. बुजव, मग देते."

मेले सगळे आधी आपलंच बघतात! शेंबीनं अंगचा चिकट चीक लावला. चीर बुजली, चप्प!

मुंगीनं दाणा दिला. खारीनं झोका दिला. जांभूळ पडलं, टप्प! कासवानं शिक्का मारला, ठप्प! भुंगा उडाला, भुर्र!

दुपारी मतं मोजली. बगळ्याला तीन. बेडकाला एक.

"माझं मोजलं!" शेंबी म्हणाली. "आणि तुमची कुठं गेली? तुम्हालाही बेडूकच हवा होता ना!"

मुंगी म्हणाली, "मला कामं होती." खार म्हणाली, "मी विसरले." कासव म्हणालं, "मला कुठं वड लांब होता? जाऊ जाऊ म्हणता राहिलं."

दुसऱ्या दिवशी बगळ्यानं गळती बंद केली. टिप नाही की टिप नाही. दगड वाळला.

"अन्याय झाला गं शेंबे!" कासव म्हणालं.

"अन्याय कसला, दादा? माझं एक पोचलं. तुमची तीन घरातच बसली."

लिब लिब, लिब लिब. शेंबी निघाली ओल शोधायला.

"थांब गं!" कासव म्हणालं.

शेंबी थांबली नाही.